अमेरिकेत देशभक्ती आणि पक्षभक्ती वेगळी उरली आहे का?

प्रश्न असा आहे: "अमेरिकेत घरोघरी झेंडे, सामन्याआधी राष्ट्रगीत, शाळेत रोज प्रतिज्ञा. एवढं देशप्रेम असलेली माणसं पक्षावरून एकमेकांना देशद्रोही कशी म्हणतात?"

मी २००२ च्या जानेवारीत न्यू जर्सीला आलो, २०१४ मध्ये इथला नागरिक झालो आणि २०१८ पासून निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर टेबलामागे बसतो. मत कोणाला देतो ते सांगणार नाही. सांगितलं तर अर्धे लोक पुढचं वाचणार नाहीत आणि उरलेले न वाचताच टाळ्या वाजवतील.

सुरुवात माझ्या मुलीपासून करतो. ती पहिलीत असताना एक दिवस स्वयंपाकघरात छातीवर हात ठेवून शाळेतली प्रतिज्ञा घडाघडा म्हणायला लागली. मलाही चेव आला. मी हात पुढे करून "भारत माझा देश आहे, सारे भारतीय माझे बांधव आहेत" पासून सगळी म्हणून दाखवली आणि तिला अर्थ सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, यात आईबाबा आणि टीचर कशाला आले?"

तेव्हा हसलो, पण नंतर ते डोक्यात घोळत राहिलं. आपली प्रतिज्ञा नात्यांची आहे. बांधव आहेत, पालक आहेत, गुरुजन आहेत, वडीलधारी माणसं आहेत. देश म्हणजे मोठं घर. अमेरिकन प्रतिज्ञेत नातेवाईक एकही नाही. निष्ठा कोणाशी, तर झेंड्याशी, आणि तो झेंडा ज्या प्रजासत्ताकाचा आहे त्या प्रजासत्ताकाशी. पुढे स्वातंत्र्य आणि न्याय. (ती १८९२ साली फ्रान्सिस बेलामी नावाच्या पाद्र्याने लिहिली आणि मुलांच्या एका साप्ताहिकात छापून आली. तेच साप्ताहिक शाळांना झेंडेही विकत असे, म्हणजे धंदा पहिल्या दिवसापासून सोबतीला आहे. देवाचा उल्लेख तर १९५४ मध्ये घातला, समोर देव न मानणारे कम्युनिस्ट होते म्हणून.)

नागरिकत्वाच्या शपथेतही हेच. आम्हाला सभागृहात उभं केलं, हातात बोटभर झेंडे दिले आणि शपथ दिली ती राज्यघटनेच्या रक्षणाची: परक्या आणि देशातल्या सर्व शत्रूंपासून. "देशातले शत्रू" हे शब्द मी त्या दिवशी सहज म्हणून टाकले. आता वाटतं, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दोन शब्दांत आहे.

माझं म्हणणं असं. अमेरिकन देशभक्ती मातीवर किंवा आईवर नाही, एका कागदावर आहे. आईवर प्रेम करायला आईचा अर्थ लावावा लागत नाही. कागदाचा लावावा लागतो. बंदूक बाळगायचा हक्क म्हणजे नेमकं काय, केंद्राचा अधिकार कुठे संपतो, कोणाला नागरिक म्हणायचं, यावर दोन पक्षांचे दोन अर्थ असतात. आणि देश म्हणजेच तो कागद असेल, तर चुकीचा अर्थ लावणारा माणूस नुसता चुकलेला राहत नाही, तो देशाच्या विरोधात गेलेला ठरतो. पक्षाचं भांडण इथे फार पटकन निष्ठेचं भांडण होतं.

हे ट्रम्प यांच्यापासून सुरू झालं असं समजू नका. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ मध्ये निरोपाच्या संदेशात पक्षबाजीपासून जपून राहा असं बजावलं होतं. दोन वर्षांत फेडरलिस्ट पक्षाच्या सरकारने राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, संसद आणि राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिलं की तुरुंग. गंमत म्हणजे त्या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नव्हते, कारण उपराष्ट्राध्यक्ष होते विरोधी पक्षाचे थॉमस जेफरसन. त्यांना हव्या तेवढ्या शिव्या द्या, देशाला काही धोका नाही! कायद्याची मुदतही अशी बेतलेली की १८०१ च्या मार्चमध्ये, फेडरलिस्टांच्या राष्ट्राध्यक्षांची कारकीर्द संपतानाच, कायदाही संपावा. व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन या कायद्याखाली चार महिने आत गेले आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आले. त्या काळात फेडरलिस्ट टोपीला काळी फीत लावून हिंडायचे आणि विरोधक फ्रेंच क्रांतीची तिरंगी. कोटावरच्या झेंड्याच्या पिनेवरून आज होणारं भांडण दोनशे वर्षं जुनं आहे.

आता झेंडा. मी आलो तेव्हा ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला चार महिने झाले होते. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या ओक ट्री रोडवर आपल्या लोकांच्या मिठाईच्या, साड्यांच्या, किराणाच्या दुकानांत झेंडेच झेंडे. मला वाटलं, काय हे प्रेम. माझ्या रूममेटच्या गाडीच्या अँटेनालाही एक होता. मी कौतुक केलं, तर तो म्हणाला, "प्रेम कसलं, विमा आहे तो." ॲरिझोनातल्या मेसा गावात १५ सप्टेंबर २००१ ला बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घातल्या, पगडी आणि दाढी बघून. मारणारा पकडला गेला तेव्हा स्वतःला देशभक्त म्हणवत होता. रूममेटला हे पाठ होतं.

नागरिक झाल्यावर मीही हार्डवेअरच्या दुकानातून झेंडा आणून दाराशी लावला. रात्री पाऊस आला. सकाळी समोरचे आजोबा दार वाजवत उभे. व्हिएतनाममध्ये लढलेले, ऐंशीच्या घरातले. मी त्यांना आडनावापुढे मिस्टर लावतो, ते मला नावाने हाक मारतात, तेही दर वेळी वेगळ्या उच्चाराने. रागावले नव्हते. म्हणाले, सूर्य मावळला की उतरव, नाहीतर त्यावर दिवा सोड. मग दोघांनी मिळून घडी कशी घालायची ते दाखवलं: लांबीत दोनदा दुमडायचा, मग एका टोकाकडून त्रिकोण त्रिकोण करत यायचं, शेवटी फक्त निळा भाग आणि तारे दिसले पाहिजेत. माझी घडी समोशासारखी फुगली. त्यांनी उलगडून पुन्हा घालायला लावली.

फाटका झेंडा कचऱ्यात टाकायचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. माजी सैनिकांच्या हॉलबाहेर पेटी असते तिच्यात टाकायचा. १४ जूनला, झेंडा दिनी, ते लोक जमलेले झेंडे सन्मानाने जाळतात. हो, जाळतात. इथे जळणारा झेंडा हा सर्वोच्च आदरही असू शकतो आणि सर्वोच्च अपमानही. निषेध म्हणून झेंडा जाळणं हा अभिव्यक्तीचा हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला, पाच विरुद्ध चार मतांनी, आणि त्या पाचांत कट्टर उजवे समजले जाणारे न्यायमूर्ती स्कॅलियाही होते. आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आजोबांना मी विचारलं, तुमच्यासमोर कोणी जाळला तर? "थोबाडीत मारीन," ते म्हणाले, "आणि मग जाऊन दंड भरीन."

हाच झेंडा एका पक्षाच्या, रिपब्लिकनांच्या, अंगणात कसा गेला, ते थोडक्यात सांगतो. १९८८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत थोरल्या बुश यांनी डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी डुकाकिस यांच्यावर ठपका ठेवला, की गव्हर्नर असताना त्यांनी शिक्षकांवर प्रतिज्ञेची सक्ती करणारं विधेयक नाकारलं. डुकाकिस यांच्या बाजूने कायदा होता: १९४३ मध्येच न्यायालयाने सांगितलं होतं की झेंड्याला वंदन करायची सक्ती मुलांवर करता येणार नाही. (आपल्याकडे राष्ट्रगीत न गाणाऱ्या केरळातल्या मुलांना १९८६ मध्ये असाच दिलासा मिळाला.) पण प्रचारात कायदा समजावत बसणारा हरतो. बुश झेंड्यांच्या कारखान्यात जाऊन फोटो काढून आले, आणि जिंकले. २००२ ला जॉर्जियात डेमोक्रॅट सिनेटर मॅक्स क्लेलँड यांच्याविरुद्धच्या जाहिरातीत बिन लादेन आणि सद्दाम यांचे चेहरे दाखवले. क्लेलँड व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावून आले होते. ते हरले. ओबामा यांना कोटावर पिन का नाही म्हणून धारेवर धरलं, तेव्हा ते पुन्हा पिन लावू लागले. अमेरिकन फुटबॉलपटू कॅपर्निकने २०१६ मध्ये वंशभेदाच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला, तो एका माजी सैनिकाने सुचवल्यावरून, कारण सैनिक शहीद मित्राच्या थडग्यापुढे तसाच बसतो. अर्ध्या देशाला त्यात अपमानच दिसला.

दोष एकाच बाजूचा नाही. एकाने झेंडा उचलला तेव्हा दुसऱ्याने खाली ठेवला. इथले माझे उदारमतवादी मित्र घरावर झेंडा लावायला संकोचतात, लोकांना काय वाटेल म्हणून. दुसऱ्या पक्षाचा माणूस निवडून आला की कॅनडाला जायच्या गप्पा मारतात, जात कोणीच नाही. जून २०२५ च्या गॅलप पाहणीत अमेरिकन असल्याचा खूप किंवा अतिशय अभिमान आहे म्हणणारे रिपब्लिकन ९२ टक्के होते आणि डेमोक्रॅट ३६. आणि ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थक संसदेवर चालून गेले, तेव्हा तर तिच्या पायऱ्यांवर झेंड्याच्या काठीने पोलिसांना बडवलं गेलं. मारणाऱ्यांना खात्री होती की आपण देश वाचवतोय.

आजोबांच्या घराकडे बघून माझ्या एका पाहुण्याने विचारलं, "समोरचे त्या पक्षाचे का?" अंदाज साफ चुकला होता. आजोबा कामगार युनियनवाले, जन्मभर दुसऱ्या पक्षाला मत देत आले. पण झेंडा बघून असा अंदाज बांधला जातो, याचं त्यांना फार वाईट वाटतं. माझ्यापाशी एकदाच बोलले.

इथे मतदार नोंदणीच्या सरकारी अर्जावर तुमचा पक्ष कोणता हे विचारतात! सगळ्या राज्यांत नाही, पण न्यू जर्सीत विचारतात. सक्ती नाही, मात्र लिहिलात तर मतदार यादीत येतो आणि यादी प्रचारवाल्यांना मिळते. बायकोने लिहिला, मी बरीच वर्षं नव्हता लिहिला. मग निवडणुकीआधी दारावर कोवळी पोरं यायची, मी दार उघडलं तरी हातातल्या फोनकडे बघून "मिसेस आहेत का?" विचारायची. माझ्या मताला कोणी विचारत नव्हतं.

पण त्याच यादीतून एक चांगली गोष्ट निघते, आणि ती बाहेरून दिसत नाही. आमच्या मतदान केंद्रावर एका टेबलाला साधारण चार जण: दोन या पक्षाचे, दोन त्या. कायद्यानेच. आपल्यासारखा निवडणूक आयोग इथे नाही, सरकारी शिक्षकांना जुंपत नाहीत. तटस्थ माणूस मिळेल असा भरवसाच ठेवलेला नाही. दोन्हीकडचे शेजारी बसवा आणि एकमेकांवर नजर ठेवू द्या. मीही अर्जावर पक्ष लिहिला तो याच कामासाठी.

नोव्हेंबर २०२४. शाळेचं जिम, पहाटे सव्वापाच, बास्केटबॉलच्या रिंगखाली झेंडा. माझ्या शेजारी दुसऱ्या पक्षाचा निवृत्त पोस्टमन. यंत्राच्या सीलचे आकडे मी वाचले, त्याने लिहिले. मग त्याने वाचले, मी ताडले. दिवसभरात राजकारणावर एक शब्द नाही. त्याने बायकोने दिलेला मीटलोफ दिला, मी त्याला चकली. त्याला चकलीचा आवाज फार आवडला.

सकाळी अकराच्या सुमाराला एक तरणाबांड माणूस ट्रम्प यांची लाल टोपी घालून रांगेत आला. केंद्रात प्रचाराची चिन्हं चालत नाहीत. मी खुर्चीतून उठायच्या बेतात होतो आणि पोटात गोळा आला होता, कारण माझा रंग, माझे उच्चार आणि समोर ती टोपी. २०२० नंतर देशभर निवडणुकीच्या कर्मचाऱ्यांना धमक्या आल्यात. पोस्टमनने माझ्या दंडावर हात ठेवला, बस म्हणाला आणि स्वतः गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. त्या माणसाने टोपी काढून खिशात कोंबली, मत दिलं, जाताना आम्हा दोघांना थँक यू म्हणून गेला.

रात्री आठला दार बंद झालं. यंत्रातून निकालाची लांबलचक पट्टी निघाली, किराणाच्या पावतीसारखी. तिच्यावर चौघांनी सह्या केल्या. आमच्या केंद्रावर त्याचा उमेदवार हरला होता की माझा, ते इथे सांगत नाही. त्याने आकडे पुन्हा एकदा बोट ठेवून वाचले, मान हलवली आणि सही केली.

पार्किंगमध्ये गारठा होता. त्याने ट्रकचं दार उघडलं, सीटवर पडलेली लाल टोपी उचलून डोक्यावर घातली आणि काच खाली करून म्हणाला, "जूनच्या प्रायमरी निवडणुकीला येणार ना? त्या कुरकुरीत गोष्टी जास्त आण."