गुरुत्वाकर्षण नसेल तर मूळ कुठे जाणार?

तुमचा प्रश्न असा आहे की अंतराळस्थानकात बी रुजवली तर मुळाला खाली कुठे हे कसं कळेल, आणि असं रोप वाढेल तरी का. वाढतं. साल्यूत-7 या सोव्हिएत स्थानकावर 1982 मध्येच अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्याशा रोपाला फुलं आणि बिया आल्या होत्या. पण दिशेची गोष्ट जास्त मजेदार आहे.

त्याआधी एक खुलासा. 400 किलोमीटर उंचीवर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जवळपास 90 टक्के शिल्लक असतं. स्थानक आणि त्यातलं सगळंच एकत्र पृथ्वीभोवती सतत पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही. गुरुत्वाकर्षण नसणं आणि असं पडत राहणं, मुळाच्या लेखी दोन्ही सारखंच.

मुळाच्या टोकाला पेशींची एक टोपी असते. तिच्या मधल्या पेशींमध्ये स्टार्चने भरलेले जड कण असतात. रोप आडवं केलं की हे कण काही मिनिटांत पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात, आणि ऑक्झिन हे संप्रेरक मुळाच्या खालच्या बाजूला जास्त जायला लागतं. मुळात ऑक्झिन वाढलं की त्या बाजूची वाढ मंदावते, वरची बाजू पुढे निघते आणि मूळ खाली वळतं. खोडात ऑक्झिनचा परिणाम उलटा, म्हणून ते वर जातं. अंतराळात हे कण तळाला बसतच नाहीत, कारण तळच नाही. मग बीमधल्या गर्भाचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडे मूळ निघतं, आणि पुढे प्रकाश, ओलावा, स्पर्श यांवर त्याची भिस्त असते.

मला यातला सगळ्यात भारी वाटणारा भाग काकडीचा आहे. काकडीची बी मातीत आडवी रुजते तेव्हा खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथे खालच्या बाजूला एक छोटी खुंटी फुटते. ती टरफलाची खालची कड दाबून धरते, वर खोड ताणलं जातं आणि बीजपत्रं टरफलातून सुटून बाहेर येतात. इतकी वर्षं समज असा की गुरुत्वाकर्षण ही खुंटी घडवतं. 1998 मध्ये एसटीएस-95 या अमेरिकी स्पेस शटलच्या मोहिमेत जपानी शास्त्रज्ञांनी काकडीच्या बिया अंतराळात रुजवल्या, तर रोपांना दोन्ही बाजूंना एकेक खुंटी आली! म्हणजे रोपाचा मूळ बेत दोन खुंट्यांचाच. जमिनीवर गुरुत्वाकर्षण त्यातली वरची दाबून टाकतं. पुढे काकडीच्याच मुळांवर अंतराळस्थानकात प्रयोग झाले. तिथे मुळं सरळ ओलाव्याकडे वळली. ही ओढ त्यांच्यात इथेही असते, पण खाली जाण्याच्या घाईत ती झाकली जाते.

असंच तिरक्या वाढीचं. उभ्या जेलवर वाढवलेल्या अरॅबिडॉप्सिसची मुळं एका बाजूला कलत जातात. यात गुरुत्वाकर्षणाचा हात असणार असं मानत. फ्लोरिडा विद्यापीठाच्या ॲना-लिसा पॉल आणि रॉबर्ट फर्ल यांच्या गटाने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुळं स्थानकावरही तशीच कलली.

आता खरी डोकेदुखी. माझ्या मते ती दिशेची नाहीच, पाण्याची आणि हवेची आहे. तिथे पाणी निथळत नाही. मुळांभोवती जेलीसारखं चिकटून बसतं आणि त्यांचा ऑक्सिजन तोडतं. गरम हवा वर जात नाही, त्यामुळे पानांभोवतीची हवाही तशीच साचून राहते. पंखे लावल्याशिवाय गत्यंतर नाही. शटलमधून आलेल्या रोपांच्या मुळांत ऑक्सिजनच्या कमतरतेची खूण असणारी जनुकं जागी झालेली दिसली आहेत. 2015 च्या अखेरीस स्थानकावरच्या झिनिया या फुलझाडाच्या पानांवर बुरशी धरली, ती जास्त ओलाव्याने. मग पाणी कधी द्यायचं हे अंतराळवीर स्कॉट केलीने स्वतः पाहून ठरवायला घेतलं आणि जानेवारी 2016 मध्ये फूल उमललं. मीर या रशियन स्थानकावर 1996 मध्ये गव्हाला ओंब्या आल्या पण दाणा भरला नाही. दोष गुरुत्वाकर्षणाच्या अभावाचा नव्हता, बंद हवेत साचलेल्या इथिलीन वायूचा होता.

रोपाच्या बाजूने जुळवून घेणं होतं ते जनुकांच्या पातळीवर: पेशीभित्तिका घडवणारी, ताण सोसणारी जनुकं कमी-जास्त चालू होतात. हे एका रोपाच्या आयुष्यातलं समायोजन आहे; पिढ्यान्‌पिढ्या निवड होऊन आलेली उत्क्रांती नव्हे.

चंद्र-मंगळासाठी मात्र कमी गुरुत्वाचा प्रश्न वेगळा पडतो. स्थानकावरच्या सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून कृत्रिम गुरुत्व देणाऱ्या यंत्रात, कोवळी रोपं फिरवून असं दिसलं की शून्य गुरुत्वात उठून दिसणारी प्रकाशाकडची ओढ, पृथ्वीच्या एक दशांश ते तीन दशांश गुरुत्वातच मंदावते. प्रत्यक्ष चंद्रावर एकदाच अंकुर फुटला: जानेवारी 2019 मध्ये चीनच्या चांग-ई 4 यानाच्या डब्यात कापसाचा. चंद्रावरची रात्र सुरू झाली आणि तो गारठून मेला, त्यामुळे सहाव्या हिश्शाच्या गुरुत्वात कापूस पुढे कसा वाढला असता हे कळलंच नाही.