हडसनवरून मुलाच्या विमानात बसू का?

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याला नुकतंच खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळालं. जूनमध्ये मी जातेय, तर म्हणतो, ‘आई, तुला छोट्या सेसना विमानातून हडसन नदीवरून मॅनहॅटन दाखवतो.’ तिथं शेजारी तीन मोठे विमानतळ आहेत म्हणे! एखादं जेट अंगावर आलं तर? बसू का मी?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, बसा. पण आधी त्याच्याशी नीट बोला. मी न्यू जर्सीतच विमान चालवायला शिकवते, नदीवरच्या या वाटेवर विद्यार्थ्यांना नेते.

जेटची काळजी सोडा. नूअर्क, लाग्वार्डिया आणि केनेडी या तिघांभोवतीच्या आकाशाला ‘क्लास ब्राव्हो’ म्हणतात. त्यात शिरायला कंट्रोलरची, म्हणजे जमिनीवरून रेडिओवर विमानांना सूचना देणाऱ्याची, स्पष्ट परवानगी लागते. त्यानं नुसता विमानाचा नंबर घेऊन उत्तर दिलं, तर ती परवानगी नव्हे. नदीवर मात्र 1,300 फुटांच्या खालचा पट्टा यातून वगळलाय. वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचं टोक 1,776 फुटांवर, म्हणजे तुम्ही त्या टोकाच्याही खालून जाणार.

या पट्ट्यात खरी काळजी घ्यायची ती हेलिकॉप्टरांची आणि आपल्यासारख्याच छोट्या विमानांची. 8 ऑगस्ट 2009 रोजी इथंच एक पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून नऊ जण गेले. पायपरच्या वैमानिकानं पुढच्या कंट्रोल टॉवरची रेडिओ फ्रिक्वेन्सी चुकीची उच्चारली, ती कुणी दुरुस्त केली नाही. कंट्रोलर तेव्हा फोनवर कामाबाहेरचं बोलत होता. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते आणि सांगताना दर वेळी वाईट वाटतं.

त्यानंतर नियम कडक झाले. दक्षिणेला जाणाऱ्यानं न्यू जर्सीचा काठ धरायचा, उत्तरेला जाणाऱ्यानं मॅनहॅटनचा. वेग 140 नॉटच्या आत. न थांबता पार जाणाऱ्यांनी 1,000 फुटांच्या वर राहायचं, घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं त्याखाली. आणि रेडिओच्या 123.05 या फ्रिक्वेन्सीवर ठरलेल्या खुणांपाशी स्वतःचा ठावठिकाणा सांगायचा: ‘हडसन ट्रॅफिक, पांढरं सेसना, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, दक्षिणेकडे, अकराशे फूट.’ एवढंच. लांबण लावली की दुसऱ्याला बोलायला जागा राहत नाही, आणि इथं कंट्रोलर विमानांना एकमेकांपासून लांब ठेवत नाही, सगळी भिस्त ऐकण्यावर आणि बघण्यावर.

दक्षिणेला जाताना मॅनहॅटन डावीकडे येतं. वैमानिक बसतो तोही डावीकडेच, त्यामुळे शहर ऐन त्याच्या खिडकीत, आणि नजर तिकडे खेचली जाते. समोरून येणाऱ्या विमानाचा तेवढ्यात ठिपक्याचा पंखा होतो. म्हणून फोटो तुम्ही काढा, त्यानं एकही काढू नये. तुम्हाला दुसरं विमान दिसलं तर ‘बाळा, उजवीकडे’ एवढं लगेच सांगा. तो बोलत असला तरी सांगा. बाकी गप्पा हा पट्टा ओलांडल्यावर.

मुलाला विचारा : या वाटेवर तू आधी इन्स्ट्रक्टरबरोबर गेलायस का? एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा, या वाटेसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम केलास का? न्यूयॉर्कचा चालू नकाशा जवळ असतो का? तो नियमानंच लागतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तुम्ही पोचायच्या आधी त्यानं एक फेरी माझ्यासारख्या कुणाबरोबर मारावी. आणि तुमची फेरी ठेवा एखाद्या मोकळ्या सकाळी. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी नदीवर फार गर्दी असते.