पकड घातलीस, आता आडवा पाड

सांगलीत कुस्त्या बघत वाढलास, म्हणून पकड म्हणजेच चीतपट असं धरून चालू नकोस. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या 2014 च्या नियमांत पकडलेल्याचा फक्त वेग शून्य होतो. तलवार तो खुशाल चालवतो. पाचव्या लेव्हलला फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, एका पाळीत दोन हल्ले मिळतात: पहिल्यात पकड, दुसऱ्यात ढकलून आडवा पाड. उठायला अर्धा वेग लागतो, शून्यातून उठणार कसा? आता त्याचे वार डिसॲडव्हान्टेजवर (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा), तुझे ॲडव्हान्टेजवर (दोनातला मोठा). तिरंदाज साथीदार मात्र बोंबलणार, कारण आडव्यावर लांबून नेम बसणं अवघड. ढाल-तलवार दोन्ही हातांत असेल तर पकड नाहीच, एक हात मोकळा लागतो. 2024 च्या नियमांत पकड चुकवायला फासा समोरचा टाकतो. त्याला गाठायचा आकडा 8 + तुझा स्ट्रेंग्थ मॉडिफायर (ताकदीचा बोनस) + प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार वाढणारा बोनस).