वाचकांचे प्रश्न : दोन मित्र, दोन मेटल डिटेक्टर

प्रश्न : मी आणि माझा मित्र जमीनमालकाची परवानगी घेऊन एका जुन्या वनात मेटल डिटेक्टरने पुरातन वस्तू शोधतो. आमची यंत्रे जवळ आली की जमिनीत काही नसतानाही वाजू लागतात. शिवाय लोखंडाचे संकेत गाळून टाकावेत, असा मित्राचा आग्रह आहे. मला तो पटत नाही. आपले मत काय?

उत्तर : यंत्रांत बिघाड असण्याची शक्यता कमी आहे. कॉइलमधून, म्हणजे यंत्राच्या खालच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, सतत बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडले जाते, त्यामुळे धातूत भोवरा-प्रवाह (गोल फिरणारे विद्युतप्रवाह) निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे अत्यंत क्षीण क्षेत्र यंत्र टिपते. शेजारच्या यंत्राची वारंवारता (क्षेत्र सेकंदाला किती वेळा बदलते ते) जवळपास तीच असेल, तर त्याचे क्षेत्रही संकेत म्हणूनच टिपले जाते. वारंवारता बदलण्याची सोय असल्यास ती एकाने बदलावी, नसल्यास दोघांत पुरेसे अंतर ठेवावे. संवेदनशीलता कमी करूनही आवाज थांबतो, पण खोलवरच्या वस्तू हातच्या जातात. एकाने शोधावे व दुसऱ्याने नोंदी ठेवाव्यात, हा मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो.

लोखंडाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूचा आहे. रानात जुन्या वस्तीचे जे अवशेष उरतात, त्यांत खिळे, नाल, कुऱ्हाडीची पाती असे लोखंडच फार असते आणि एकाच ठिकाणी दाटीने सापडणारे खिळे तेथे कधीकाळी लाकडी बांधकाम असल्याची खूण ठरू शकतात. ते गाळले, तर वस्तीच नकाशावरून पुसली जाते. त्यातच खिळ्याला लागून पडलेले नाणेही पुष्कळदा त्या खिळ्याच्या संकेताखाली झाकले जाते. म्हणून अशा जागी कॉइल दोन-तीन दिशांनी आणि सावकाश फिरवावी. मात्र लोखंड शोधताना एखाद्या वेळी जुना तोफगोळा किंवा बॉम्बही लागू शकतो. तशी शंका येताच खणणे थांबवून, वस्तूला हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

वस्तू कोठे, किती खोल आणि कशाशेजारी होती, ही माहिती ती उपटताक्षणी नाहीशी होते. इंग्लंडमधील हॉक्सन येथे 1992 साली एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना एरिक लॉज यांना रोमन नाणी लागली. त्यांनी सगळे उकरून न काढता ही गोष्ट कळवली. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना सुमारे 15,000 नाण्यांबरोबर, ती ज्या लाकडी पेटीत होती तिच्या खुणाही अभ्यासता आल्या. (हातोडाही सापडला, हे सांगायला हवे.) एकापेक्षा अधिक वस्तू एकत्र दिसल्या, तर तुम्हीही खड्डा तसाच ठेवून संबंधित पुरातत्त्व खात्याला कळवावे, अशी माहिती देणे अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. सुट्या वस्तूची जागा, खोली आणि मोजपट्टीसह छायाचित्र एवढी नोंद तरी जागेवरच करावी.

आणखी एक, न विचारलेले. वस्तू घासून चकचकीत करू नये. तांब्यावरील हिरव्या थरातच अनेकदा मूळ पृष्ठभागाचे तपशील टिकलेले असतात, तर गंजाच्या गोळ्यातील लोखंडाचा आकार संवर्धक (जुन्या वस्तू जतन करणारे तज्ज्ञ) क्ष-किरणांनी पाहू शकतात. मित्राच्या पिशवीत तारेचा ब्रश असेल, तर तो बुटांचा चिखल काढण्यापुरता ठेवावा.