वाचक विचारतात : मोठ्या गॅपनंतर परत गोल्फ, मग आयर्न (लोखंडी हेडचे क्लब) कुठले घ्यायचे?

प्रश्न : नमस्कार सर. मी बऱ्याच वर्षांनी परत खेळायला लागलोय. तेव्हा हँडिकॅप (जितकं कमी तितका खेळ चांगला) १४ होतं, आता स्कोअरकार्डं टाकली तर २३-२४ च्या आसपास येईल असं वाटतं. बॅगेत अजून तेच जुने फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) ब्लेड, म्हणजे पातळ हेडचे आयर्न आहेत, स्टिफ स्टील शाफ्टवाले (कडक दांड्याचे). मधोमध लागला तर बॉल काय सुंदर जातो, पण तसा लागतो कधीतरीच, एरवी हाताला झिणझिण्या येतात आणि बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडेच पडतो. परवा एक नवा 'फरगिव्हिंग', म्हणजे चूक सांभाळून घेणारा सेट मारून बघितला, मशीनवर ७ नंबर जवळजवळ वीस यार्ड जास्त गेला, विकणारा म्हणाला डोळे मिटून घ्या. मला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतंय. शिवाय हे क्लब जाडजूड दिसतात, ग्रुपमधले हसतील. काय बघून घेऊ?

उत्तर : आधी त्या वीस यार्डांचं बघू, कारण पैसे तिथेच जातात. क्लबवर ७ लिहिलंय म्हणजे तो तुमच्या जुन्या ७ सारखाच असेल असं काही नाही, कुठल्या नंबरला किती लॉफ्ट (फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, मागे किती कललीय तो कोन) असावा असा नियमच नाहीये. तुमच्या ब्लेडच्या ७ नंबरला ३४-३५ अंश असणार आणि आजच्या गेम इम्प्रूव्हमेंट (सामान्य खेळाडूंसाठी सोप्या केलेल्या) सेटमधला ७ बऱ्याचदा २८ ते ३० अंशांचा असतो, म्हणजे जुन्या हिशोबाने तो ५ किंवा ६ नंबर झाला (नंबर लहान तितका बॉल लांब), वर शाफ्टही बहुतेक थोडा लांब, मग जास्त नाही जाणार तर काय होणार. आता यात सगळी फसवाफसवीच आहे असंही नाही हं. नव्या हेडमध्ये वजन इतकं खाली आणि मागे नेलेलं असतं की बॉल आपोआप उंच उठतो, त्यामुळे जुनाच लॉफ्ट ठेवला तर तो नुसता वर चढत बसेल. लॉफ्ट कमी करण्याला कारण आहे, पण त्याचा फरगिव्हिंग असण्याशी संबंध थोडाच. लांब जाणारा क्लब आणि चूक पोटात घालणारा क्लब, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्हाला विकली जात होती ती पहिली.

फरगिव्हिंग हेडची खरी परीक्षा चुकलेल्या शॉटवर होते. ब्लेडमध्ये वजन मधोमध एकवटलेलं असतं, त्यामुळे बॉल टोच्या (हेडच्या बाहेरच्या टोकाच्या) बाजूला लागला की हेड हातातल्या हातात फिरतं, फेस उघडतो, बॉलचा वेग पडतो आणि तुमच्या झिणझिण्याही त्यातूनच येतात. कॅव्हिटी बॅकमध्ये पाठीमागचं मधलं लोखंड काढून ते हील (शाफ्टकडचं टोक), टो आणि खालच्या कडेला बसवतात, मग हेड फिरायला सहजी तयार होत नाही. ही कल्पना काही कालची नाही. कार्स्टन सोलहाइम म्हणून जनरल इलेक्ट्रिकमधले एक इंजिनिअर होते, स्वतःचं पटिंग जमेना म्हणून १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी वजन दोन्ही टोकांना नेलेला पटर (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब) बनवला, त्यातून पिंग कंपनी उभी राहिली, आणि तोच विचार आयर्नमध्ये आणून १९८२ मध्ये आलेला पिंगचा आय टू सेट तर आजही काही लोकांच्या बॅगेत सापडतो.

तेव्हा परत ट्रायला गेलात की सगळ्यात लांब गेलेला बॉल सरळ विसरा. आठ-दहा बॉल मारा, त्यातले वाईट तीन-चार बघा, ते चांगल्यांपेक्षा किती मागे पडले आणि किती बाजूला गेले ते बघा. एका सेटने चांगला शॉट १५५ यार्ड कॅरी (हवेतलं अंतर) आणि वाईट १३०, दुसऱ्याने चांगला १४८ आणि वाईट १४०, तर दुसरा घ्यायचा, यात विचार करण्यासारखं काही नाही. आकडा कॅरीचाच बघा, घरंगळत गेलेलं अंतर धरू नका. आणि तुमच्या जुन्या ७ शी तुलना करायची असेल तर नव्या सेटमधला ८ किंवा ९ मारा, लॉफ्ट जुळला की खरं चित्र दिसतं.

दुसरा आकडा म्हणजे बॉल खाली कुठल्या कोनात उतरतो. लाँच मॉनिटर, म्हणजे दुकानातलं ते मशीन, ते दाखवतो पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ७ नंबरला हा कोन ४५ अंशांच्या जवळपास आला तर बॉल ग्रीनवर थांबायची आशा, ३८-४० वर आला तर तुमचे ते वाढलेले यार्ड ग्रीनच्या पलीकडे जाऊन पडणार. स्विंगचा वेग आता पूर्वीइतका नसेल तर २८ अंशांचा ७ तुमच्याकडून पुरेसा उंच जाईलच असं नाही. असं झालं तर तोच हेड जास्त लॉफ्टमध्ये मिळतो का विचारा, काही कंपन्या तसा पर्याय ठेवतात.

फेसवर कुठे लागतंय हे मशीनपेक्षा फेसच चांगलं सांगतो. पायाला मारायचा पावडर स्प्रे असतो ना, तो फेसवर हलकासा फवारा, प्रत्येक बॉलचा ठसा उमटतो. ठसे टोच्या बाजूला जमले असतील तर हीलकडचे शॉट सांभाळणारा क्लब घेऊन काय करणार. त्याच बॉलवर मार्करने उभी रेघ काढून ती बाजू फेसकडे करून मारलीत तर रेघेचा ठसाही उमटतो, तो सरळ उभा असेल तर लाय अँगल (क्लब टेकवल्यावर शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) ठीक, कलला असेल तर क्लब वाकवून घ्यायला हवा. उजव्या हाताने खेळणाऱ्याला जास्त अपराइट (उभट) क्लब दिला तर बॉल डावीकडे ओढला जातो, फ्लॅट (आडवट) दिला तर उजवीकडे. लोक वर्षभर स्विंग बदलत बसतात आणि गडबड दोन अंशांची असते.

आता सोल (हेडचा तळ) आणि ऑफसेट. रुंद सोल जमिनीत रुतत नाही, त्यामुळे बॉलच्या जरा मागे लागला तरी क्लब सरकत पुढे जातो, तुमच्यासारख्या परत सुरू केलेल्या माणसाला याचा मोठा आधार, कारण टायमिंग सगळ्यात शेवटी परत येतं. पण कोर्सवरची जमीन कडक, गवत विरळ असेल तर फार रुंद सोल उसळतो आणि बॉल थिन (क्लबच्या खालच्या कडेने) लागतो, म्हणून मॅटवर खूश होऊन निर्णय घेऊ नका, मॅटवर तसाही फॅट (बॉलच्या मागे जमिनीला लागलेला) शॉट लपून जातो. जमलं तर गवतावर मारून बघा. ऑफसेट म्हणजे फेस शाफ्टच्या जरा मागे असतो, त्याने फेस बंद व्हायला थोडा जास्त वेळ मिळतो, स्लाइस (बॉल उजवीकडे वळत जाणं) असेल तर बरं, पण तुमचा बॉल आधीच डावीकडे जात असेल तर जास्त ऑफसेट उलट त्रास देईल. तुमचा बॉल कुठल्या बाजूला जातो हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते मात्र बघून मगच जा.

माझं मत विचाराल तर गेम इम्प्रूव्हमेंट प्रकारातला, मध्यम ऑफसेटवाला सेट घ्या. सुपर गेम इम्प्रूव्हमेंट, म्हणजे ते जवळजवळ हायब्रिडसारखे (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब) फुगीर हेड, तुम्हाला इतक्यात लागणार नाहीत, आणि प्लेयर्स डिस्टन्स नावाचे जे देखणे पोकळ क्लब आहेत ते दिसतात चांगले पण त्यात भर लांबीवर जास्त असते. 'मी परत १४ वर येणारच आहे' म्हणून १४ वाल्याचे क्लब घेणं हा प्रकार टाळा, आज जसे मारताय त्याचे घ्या. तसंही नव्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये, २०२० पासून आहे ती, शेवटच्या २० स्कोअरमधले चांगले ८ धरतात, तेव्हा कार्डं टाकायला लागा, तुम्ही कुठे आहात ते कळेलच. आणि हसणाऱ्यांचं म्हणाल तर बॉलला क्लबची पाठ दिसत नाही.

प्रश्न : वय ५८. कोपर दुखतं म्हणून ग्राफाइट शाफ्ट घ्यावा असं बायको म्हणतेय, मित्र म्हणतात ग्राफाइट म्हणजे म्हातारा झालास. स्टील सोडू का?

उत्तर : वहिनींचं ऐका. आयर्नचे स्टील शाफ्ट साधारण ९५ पासून १३० ग्रॅमपर्यंत असतात, ग्राफाइट ५० पासून ते अगदी स्टीलच्या जवळ जाणाऱ्या वजनापर्यंत मिळतात, त्यामुळे ग्राफाइट म्हणजे लुळापांगळा शाफ्ट हे जुनं झालं. हादरे तो बऱ्यापैकी शोषून घेतो हे खरं. फक्त एकदम खूप हलका घेऊ नका, १३० वरून ६० वर उडी मारली की हेड कुठे आहे तेच कळत नाही आणि हात घाई करतात. फ्लेक्सचं (शाफ्ट किती लवतो त्याचं) अक्षर बघून तर मुळीच घेऊ नका, रेग्युलर आणि स्टिफ याला कंपन्यांमध्ये सामायिक माप नाही, एकीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक असू शकतो. आणि ग्रिप बघा हो, घासून गुळगुळीत झालेली ग्रिप माणूस आवळून धरतो, कोपराला ते अजिबात चांगलं नाही. थोडी जाड, मऊ ग्रिप लावून बघा, शाफ्टपेक्षा स्वस्तात होतं. दुखणं तरी राहिलं तर डॉक्टरकडे जा, क्लबने कोपर बरं होत नाही.

प्रश्न : सेट ४ नंबरपासून घ्यावा की ६ पासून?

उत्तर : ६ पासून, फार तर ५. आजचा ४ नंबर २० अंशांच्या आसपास असतो, तो उंच उचलायला जो वेग लागतो तो आपल्यापैकी बहुतेकांकडे नसतो. त्या जागी एखाद-दोन हायब्रिड किंवा ७ वूड (मोठ्या हेडचा क्लब) घाला. वाचलेली जागा खाली वापरा, बॅगेत १४ च क्लब चालतात हे ध्यानात ठेवून. नव्या सेटचा पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळून मारायचा जास्त लॉफ्टचा क्लब) ४३-४४ अंशांचा असतो आणि तुमच्याकडे जुना ५६ चा सँड वेज असेल तर मधे १२-१३ अंशांचं भगदाड पडतं, नेमकं जिथून ग्रीन गाठायला हवं त्याच अंतरावर. ४८-४९ चा गॅप वेज सेटबरोबरच घ्या, आणि जमलं तर ५२-५३ चा एक.

प्रश्न : सेकंडहँड सेट घेतला तर चालेल का? काय तपासायचं?

उत्तर : चालेल काय, हँडिकॅप २० च्या वर असेल तर मी आधी तेच सुचवेन. हेडचं तंत्र दर वर्षी उलटंपालटं होत नाही, चार-पाच वर्षं जुना चांगला कॅव्हिटी बॅक आजही तितकाच फरगिव्हिंग आहे. ग्रूव्हवरून (फेसवरच्या खाचांवरून) नख फिरवा, धार लागतेय का बघा, मुख्यतः ८, ९ आणि वेज, कारण तेच जास्त वापरलेले असतात. सगळे शाफ्ट एकाच जातीचे आहेत ना ते लेबल वाचून खात्री करा, मोडलेल्याच्या जागी भलताच शाफ्ट बसवलेला असतो. शाफ्टला आतून गंज, हेड खुळखुळणं, हे हलवून कळतं. नामवंत ब्रँडचा सेट फारच स्वस्त मिळत असेल तर नकली असण्याची शक्यता धरा, होझेलवरचा (हेडमध्ये शाफ्ट बसतो त्या नळीवरचा) सीरियल नंबर कंपनीला विचारून घेता येतो. आणि लॉफ्ट-लाय मशीनवर मोजून घ्या, आधीच्या मालकाने स्वतःच्या उंचीप्रमाणे वाकवून घेतलेले असू शकतात. फोर्ज्ड असतील तर दोन अंश इकडेतिकडे आरामात करता येतात, कास्ट (ओतून बनवलेले) कडक स्टीलचे असतील तर तेवढंच वाकवताना होझेल तुटू शकतो, म्हणून पैसे द्यायच्या आधी मोजा.