रस्त्यावर कुणीच दिसत नाही, माणसं राहतात ना तिथे?

लंडनच्या वायव्येला, शहरात जाणाऱ्या मेट्रोपॉलिटन या लोकल रेल्वेमार्गावरच्या पिनर उपनगरात मी एकवीस वर्षं राहते आहे. नव्याने येणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा आणि कागदपत्रं यांत मदत करणं हे माझं कामच आहे. या वेळच्या पत्रांतून काही प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : नवऱ्याची बदली झाली आहे आणि आम्ही बाणेरहून हॅरोच्या आसपास राहायला येणार आहोत. नकाशावर तिथल्या रस्त्यांचे फोटो पाहिले. भर दुपारी चिटपाखरू नाही, सगळी घरं एका छापाची, एक टपरीसुद्धा नाही. खरं सांगते, भीती वाटली. माणसं राहतात ना तिथे?

राहतात, पण घराच्या मागच्या अंगाला. आपलं घर रस्त्याकडे तोंड करून जगतं. ओसरी पुढे, गॅलरी पुढे, भाजीवाल्याशी घासाघीसही पुढच्या दारातच. इथे पुढच्या बाजूला गाडी, कचऱ्याचे डबे आणि फार तर एखादं गुलाबाचं झाड. खरा संसार मागच्या लांबट, चिंचोळ्या बागेत. जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो. अशा संध्याकाळी बाहेर पडलात तर घरांच्या पलीकडून हसणं आणि निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा वास येईल, रस्ता मात्र रिकामाच असेल.

ही शांतता मुद्दाम वसवलेली आहे. हा मार्ग बांधणाऱ्या मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनीला रुळांलगतची जादा जमीन स्वतःकडे ठेवायची मुभा होती, जी इतर कंपन्यांना सहसा नव्हती. १९१५ मध्ये कंपनीने या पट्ट्याला ‘मेट्रो-लँड’ असं नाव दिलं आणि १९१९ मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनी काढली. शहरात नोकरी करा आणि संध्याकाळी झाडाझुडपांत परत या, असा तो सौदा होता. तुम्ही पाहिलेली एका छापाची घरं बहुतेक १९२० आणि ३० च्या दशकांतली, दोन घरांत एक भिंत सामाईक असलेली. त्यांना इथे ‘सेमी’ म्हणतात. दुकानं गल्लीत नाहीत, ती स्टेशनजवळ एका रांगेत असतात. त्या रांगेला ‘परेड’ म्हणायचं.

म्हणून घर बघताना खोल्या मोजण्याआधी स्टेशन आणि परेड किती लांब आहे ते पाहा. एजंटाची ‘दहा मिनिटं’ ही त्याच्या पायांची, कोरड्या दिवसाची. तुम्ही पावसात, बाळाची ढकलगाडी घेऊन चालून बघा.

भीतीचं म्हणाल, तर बाहेर कुणी दिसत नसलं तरी जाळीच्या पडद्यामागून गल्ली तुम्हाला बघत असते. खांबावर ‘नेबरहूड वॉच’ची, म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून गल्लीवर नजर ठेवायच्या योजनेची, पिवळी पाटीही दिसेल. ही पद्धत १९८२ मध्ये चेशायरमधल्या मॉलिंग्टन गावात सुरू झाली. चोराला जरब बसते आणि तुमच्याकडे पाहुणे किती वाजता आले तेही सगळ्यांना कळतं.

प्रश्न : चार महिने झाले. शेजारचे आजोबा रोज हवामानावर दोन वाक्यं बोलतात आणि आत जातात. एकदा म्हणाले, ‘कधीतरी चहाला या.’ आम्ही वाट पाहिली, पण बोलावणं आलं नाही. आमचं काही चुकलं का?

काही चुकलं नाही. ‘कधीतरी या’ हे इथे आमंत्रण नसतं. त्याचा अर्थ ‘तुम्ही बरे दिसता’ एवढाच. आमंत्रणाला वार आणि वेळ लागते. तेव्हा तुम्हीच बोलवा, ‘शनिवारी साडेतीनला, तासभर’ असं सांगून. तासभर म्हटलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो, कारण आपल्याकडच्यासारखं ‘आता जेवूनच जा’ होईल याची त्यांना धास्ती असते.

हवामानावरच्या त्या दोन वाक्यांनाही कमी लेखू नका. ती इथली रामराम आहे. ‘आज जरा बरं आहे, नाही?’ या प्रश्नाला ‘हो, पण टिकेल असं वाटत नाही’ असं उत्तर द्यायचं. मतभेद दाखवायचा नाही. पहिल्या वर्षी मी ‘छे, मला तर थंडीच वाजते’ म्हणायचे आणि संभाषण तिथेच मरायचं.

शेजारधर्माची खरी वाट कचऱ्याच्या डब्यावरून जाते. कुठला डबा कुठल्या आठवड्यात बाहेर काढायचा, हे दर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, वेगळं असतं आणि सुट्टीच्या आठवड्यात वार सरकतो. हे शेजाऱ्याला विचारा. इतका आनंद त्याला दुसऱ्या कशानेच होणार नाही. ते गावाला गेले की त्यांचा डबा आत ओढून ठेवा, त्यांचं पार्सल घ्या. डिसेंबरमध्ये पत्रपेटीतून ख्रिसमसचं कार्ड सरकवा, त्यावर घराचा नंबरही लिहा, कारण नावं त्यांच्या लक्षात राहिलेली नसतात. दिवाळीचा फराळ द्यायचा तर आधी सुक्यामेव्याची ॲलर्जी विचारून घ्या. माझा अनुभव असा की चकली घरोघरी चालते आणि अनारसे कुणालाच कळत नाहीत. ताटली परत येईल ती घासूनपुसून, वर आभाराचं कार्ड ठेवून, पण रिकामी. मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : यंदा घरी गणपती बसवायचा आहे. आरतीला टाळ-झांजा चालतील का? आणि दिवाळीत फटाके?

आरती जरूर करा. फक्त सेमीची भिंत सामाईक आहे हे विसरू नका. पहाटे सहाचा मिक्सरसुद्धा पलीकडच्या उशीपर्यंत पोचतो. रात्री अकरा ते सकाळी सात ही शांततेची वेळ. त्रासदायक आवाजाची तक्रार आली तर कौन्सिल दिवसाही दखल घेऊ शकते. दोन्ही बाजूंच्या घरांत आधी चिठ्ठी टाका, ‘दीड दिवस संध्याकाळी सात ते साडेसात थोडा आवाज होईल, प्रसादाला या’ अशी. माझ्या समोरच्या बाई आता सप्टेंबर जवळ आला की स्वतःहून तारीख विचारतात. विसर्जन घरीच बादलीत करा. शाडूची मूर्ती आणा आणि माती बागेतल्या वाफ्यात घाला. नदी-कालव्यात काही सोडायचं नाही.

फटाक्यांबाबत कायदा आपल्यावर मेहरबान आहे. २००४ च्या नियमांप्रमाणे रात्री अकरानंतर बंदी, पण दिवाळीच्या रात्री एकपर्यंत सूट. ५ नोव्हेंबरला, म्हणजे गाय फॉक्स आणि साथीदारांचा संसद उडवायचा कट फसल्याच्या त्यांच्या स्वतःच्या सणाला, बारापर्यंतच! अर्थात सूट आहे म्हणून एकपर्यंत वाजवू नका. गल्लीत कुत्री आहेत, म्हातारी माणसं आहेत.

प्रश्न : आई सहा महिन्यांसाठी येणार आहे. नोव्हेंबरची तिकिटं स्वस्त मिळतात. घेऊ का?

नका घेऊ. एप्रिलची घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

डिसेंबरमध्ये सूर्य आठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. तुम्ही अंधारात घर सोडणार, अंधारात परतणार. मधले आठ-दहा तास आई त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बसणार. आपल्याकडे जिन्यात शेजारीण भेटते, वाण्याचा पोऱ्या येतो, कामवाल्या बाई बोलतात. इथे दारावर कुणी आलं तर पार्सल टाकून पळतो. मी अशा आया पाहिल्या आहेत. पहिल्या महिन्यात त्या मुलाचं कपाट लावतात, दुसऱ्या महिन्यात डबे घासतात, तिसऱ्या महिन्यात परतीची तारीख विचारू लागतात. मुलाला वाटतं, आईला इथे आवडलं नाही. पण तिला इथलं काही दाखवलंच कुठे?

हिवाळ्यातच यावं लागलं तर पहिल्याच आठवड्यात तिला एकटीने बसने जायला शिकवा. वाचनालय, परेडवरचं देशी वाण्याचं दुकान आणि देऊळ, एवढ्या तीन जागा पायाखालच्या झाल्या की निम्मं काम झालं. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळ १९३२ पासूनचं. आमच्याकडून वेम्ब्ली पार्कला गाडी बदलली की पोचता येतं. थंडीच्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घ्यावं असा इथल्या सरकारचा सगळ्यांनाच सल्ला आहे. आईच्या डॉक्टरांना विचारून तेही सुरू करा.

प्रवास-विमा मात्र आधी काढाच. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला अपघात विभागातली तातडीची तपासणी फुकट मिळते. पण तिथून वॉर्डात दाखल केलं की एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सर्वसाधारण दराच्या दीडपट बिल लावते.

आणि एक सांगून ठेवा. जानेवारीत मध्यरात्री बाई किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो कोल्ह्याचा, आपण खोकड म्हणतो त्याचा. त्यांचा विणीचा हंगाम असतो. पहिल्या वर्षी मी अख्खं घर उठवलं होतं आणि पोलिसांना ९९९ या तातडीच्या नंबरवर फोन लावायच्या बेतात होते.

प्रश्न : शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आमच्या बागेत आल्या आहेत. कापू का?

हद्दीच्या रेषेपर्यंत कापता येतात. त्याआधी झाडाला संरक्षणाचा आदेश आहे का ते कौन्सिलकडे विचारा. कापलेल्या फांद्या आणि फळं कायद्याने शेजाऱ्याची, तेव्हा सफरचंदं गुपचूप मुरंब्यात घालू नका. दोन मीटरपेक्षा उंच वाढलेल्या सदाहरित झुडपांच्या कुंपणासाठी २००३ च्या कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण कौन्सिलकडे जाण्यापूर्वी तुम्ही शेजाऱ्याशी बोलला होता हे दाखवावं लागतं. तेव्हा आधी दार वाजवा.

प्रश्न : मुलगी पुढच्या सप्टेंबरला शाळेत जाईल. ‘चांगल्या शाळेच्या हद्दीत’ अशी जाहिरात असलेलं घर घ्यावं का?

जाहिरातीवर नाही. बऱ्याच शाळांत शेवटी घरापासून शाळेपर्यंतचं अंतरच निर्णायक ठरतं आणि कितव्या मीटरपर्यंत प्रवेश मिळाला हे दर वर्षी बदलतं. मागच्या काही वर्षांचे आकडे कौन्सिलकडून घ्या. प्राथमिकसाठी अर्जाची मुदत १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिल.

प्रश्न : हसू नका. फोडणी घातली की धुराचा अलार्म वाजतो. वर शेजाऱ्यांना वासाचा त्रास होत असेल का, ही धाकधूक वेगळीच.

हसत नाही, माझ्या घरी मोहरीपेक्षा अलार्म आधी तडतडायचा. चुलीवरच्या पंख्याचा पाइप बाहेर जातो की तो हवा गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो, ते बघा. भाड्याच्या बऱ्याच घरांत दुसरा प्रकार असतो आणि आपल्या फोडणीपुढे तो हात टेकतो. पुढचं घर बघताना हा प्रश्न पहिला विचारा. तोवर स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी. अलार्मची बॅटरी मात्र काढू नका, ओला टॉवेलही गुंडाळू नका. घरमालकाला सांगून स्वयंपाकघराजवळ उष्णतेवर चालणारा अलार्म बसवून घेता येतो.

वासाचं म्हणाल, तर माझ्या डावीकडच्या बाई दर बुधवारी कॉड मासा तळतात. आम्ही शुक्रवारी बांगडा तळतो. अजून कुणी काही बोललेलं नाही.