वर्षाचे महिने बारा, रिचार्ज मात्र तेरा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात घरखर्चाबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी मोबाईलच्या रिचार्जची! त्यातली चार इथे घेतलीयेत.

प्रश्न : आई चिपळूणजवळ गावाला एकटी राहते. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, नेट ती वापरतच नाही. मी इथून दर वेळी २९९ चा रिचार्ज मारतो, रोजचा दीड जीबी डेटा तसाच वाया जातो. दुकानदार म्हणतो कॉलिंगचं वेगळं काही मिळत नाही. खरंय का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही हो दादा, मिळतं. आणि हे सगळ्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण गावोगावी किती आया आणि आज्या न वापरलेल्या डेटाचे पैसे भरतायत. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा प्लॅन द्या, आणि अशा पॅकची मुदत आधी ९० दिवसांच्या वर जात नव्हती ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. मग जानेवारी २०२५ मध्ये ते प्लॅन आले. एअरटेलचा ४६९ ला ८४ दिवस आणि १८४९ ला ३६५ दिवस, जिओचा ४४८ ला ८४ दिवस आणि १७४८ ला ३३६ दिवस. हे तेव्हाचे आकडे आहेत, किमती हलत असतात, तर मारायच्या आधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघून घ्या. अ‍ॅपमध्ये हे प्लॅन पहिल्या पानावर दिसतीलच असं नाही, खाली खाली जात शोधावे लागतात.

आता तुमचा हिशोब करू. २९९ चा प्लॅन २८ दिवसांचा. आपण मनात त्याला महिना म्हणतो पण तो महिना नसतो, वर्षात असे तेरा रिचार्ज होतात, म्हणजे ३८८७ रुपये. त्याऐवजी १८४९ चा एकदाच मारला तर २०३८ रुपये वाचले, आईच्या औषधाचे किती महिन्यांचे पैसे झाले बघा! आणि जिओच्या १७४८ ला वर्षाचा समजू नका, ३३६ दिवस म्हणजे २८ चे बाराच तुकडे, तेरावा पुन्हा आलाच. म्हणून कुठलाही प्लॅन असो, किमतीला दिवसांनी भागायचं आणि मगच तुलना करायची. १८४९ भागिले ३६५, रोजचे पाच रुपये सात पैसे. १७४८ भागिले ३३६, पाच रुपये वीस पैसे. आकडा छोटा दिसणारा प्लॅन रोजच्या हिशोबात महाग निघतो तो असा.

एकदम एवढे पैसे काढणं जमत नसेल तर ८४ दिवसांचा घ्या, तोही चालेल. फक्त कंपनी बदलायच्या भानगडीत आईच्या बाबतीत पडू नका, तिच्या घरात जिची रेंज येते तीच ठेवा. पावसात रात्री फोन लागला नाही तर वाचलेल्या पैशांचं काय करायचंय?

प्रश्न : कल्याणहून साताऱ्याला बदली झालीय. इथे माझ्या सिमला घरात रेंजच नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचीय, किती दिवस लागतात आणि बँकेत परत सगळं द्यावं लागतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बँकेत काही द्यायचं नाही, नंबर तोच राहतो. देशभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून आहे, आणि एका सर्कलमधून (म्हणजे मोबाईल सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्यातल्या एकातून) दुसऱ्यात नंबर न्यायची सोय जुलै २०१५ पासून. तुमचं नेमकं तेच आहे, कारण कल्याण मुंबई सर्कलमध्ये येतं आणि सातारा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. सर्कल तेच असेल तर तीन कामाचे दिवस लागतात, बदलत असेल तर पाच.

करायचं असं. मेसेजमध्ये इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि १९०० वर पाठवायचा. प्लॅनमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जायलाच हवा, तसं ट्रायने डिसेंबर २०२१ मध्येच सांगितलंय, त्यामुळे "आधी मोठा रिचार्ज मारा" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, आपल्याकडे तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं. हा कोड फोनवर कोणालाही सांगायचा नाही, कोणालाही म्हणजे कोणालाही. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं हवं, आणि सिम हरवलं म्हणून नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोडच मिळत नाही, १ जुलै २०२४ पासून तसा नियम आहे, फसवणूक रोखायला केलेला, आणि चांगलाच आहे.

पण दादा, मेसेज पाठवायच्या आधी एक काम करा, शेजाऱ्यांना विचारा. ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम असलेला फोन संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात आणून लावून बघा. कंपन्यांच्या साईटवर रेंजचे नकाशे असतात, तेही बघा, पण भिंतीच्या आत काय होतं ते नकाशात दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांनी दर वाढवले तेव्हा कितीतरी लोक स्वस्त म्हणून बीएसएनएलकडे गेले. ज्यांच्या घराजवळ टॉवर होता त्यांचं छान झालं, ज्यांच्या नव्हता ते नेटसाठी दुसरं सिम घेऊन बसले, म्हणजे दोन रिचार्ज.

आणि जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस आणि बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही, म्हणून मुदत संपत आल्यावरच पोर्ट करा. सिम बदलताना काही तास फोन बंद राहतो, तर हप्ता भरायचा किंवा तिकीट काढायचा दिवस टाळा.

प्रश्न : जुना नंबर बँकेला जोडलेला आहे पण सिम कपाटातच पडून असतं. रिचार्ज करत राहू की सोडून देऊ? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, सोडा, पण आधी बँक आणि आधार दोन्हीकडे आत्ताचा नंबर लावून मगच सोडा. माझ्या मोठ्या बहिणीने असंच एक सिम सोडून दिलं, काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला आणि तिच्या खात्याचे मेसेज त्या अनोळखी माणसाकडे जायला लागले. ते निस्तरायला तिने बँकेत किती खेपा घातल्या ते मी डोळ्यांनी बघितलंय.

नियम असा आहे की प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, पण त्या वेळी बॅलन्समध्ये वीस रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर तुमचाच राहतो. हा नियम २०१३ चा आहे. पण यात फक्त नंबर टिकतो हं, प्लॅनची मुदत संपलेली असेल तर ओटीपी येईलच असं धरून चालू नका. जाता जाता संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही बघून घ्या, ओळखीचं नसलेलं दिसलं तर तिथेच तक्रार करता येते.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत गेलाय, त्याचा इथला नंबर फक्त ओटीपीसाठी चालू ठेवायला दर महिन्याला खर्च करतोय. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : काका, त्यालाही तो वर्षाचा कॉल-एसएमएसवाला प्लॅन पुरेल, रोमिंगमध्ये मेसेज येण्याचे सहसा पैसे लागत नाहीत, फक्त इंटरनॅशनल रोमिंग चालू आहे ना आणि त्या प्लॅनवर ते चालतं ना हे कंपनीला आधी विचारून घ्या. फोनमधला डेटा रोमिंगचा पर्याय मात्र बंद ठेवायला सांगा, नाहीतर तिथेच पैसे जातात. आणि त्याचं एनआरई किंवा एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं बँक खातं) असेल तर बँकेला विचारा, अमेरिकेसह काही देशांतल्या नंबरवरून यूपीआय वापरायला २०२३ पासून परवानगी आहे. बँक हो म्हणाली तर निदान यूपीआयसाठी तरी इथल्या नंबरवर अवलंबून राहायला नको.